न्याहारीचा फिटर

काशीनाथ सोनावणेबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं ते चेष्टेच्या सुरात. उल्हासनगरात कॅम्प चारच्या एका बराकीत मी भाड्याने खोली घेतली, तेव्हा आमची सिंधी घरमालकीण मोहिनीभाभी मला नळ, मीटर, संडास सगळं दाखवून झाल्यावर म्हणाली, "और वो सामने काशीनाथ है. बीवी सुबह नौकरी पे जाती है, ये बच्ची को खिलाता है. देखना, टीव्ही लगाने की जरूरत नहीं."

"बाप पोरीला भरवतो यात बघण्यासारखं काय आहे?" मी तिथल्या तिथे विचारलं. मी नुकतीच एका लहानशा संघटनेत पत्रकं लिहायला लागले होते आणि असे प्रश्न मला खिशात हात घालण्याइतके सोपे वाटायचे.

"देखना तो सही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं. समोरच्या दारात लुंगी आणि बनियन घातलेला, कानावर पेन्सिलीचा तुकडा खोचलेला एक आडदांड माणूस हातात वाटी घेऊन उकिडवा बसला होता. त्याच्यासमोर दाराला टेकलेली एक किडकिडीत मुलगी, ओठ घट्ट मिटून. तो माणूस खिरीचा चमचा आधी स्वतःच्या खालच्या ओठाला लावून बघे आणि मग तिच्यापुढे धरून विचारे, "सुपरवायझर, माल पास का?" मुलगी मान हलवे. माल नापास. सगळी बराक दात घासत हे बघत होती. बायका हसत होत्या. पुरुष जरा जास्तच हसत होते.

तो काशीनाथ. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर, दुपारच्या पाळीला. त्याची बायको विमल बदलापूरच्या एका शाळेत शिक्षिका. शाळा सकाळची, सातला भरायची. म्हणून विमलताई सहाच्या आधी घर सोडायची आणि मुलगी बापाच्या ताब्यात यायची. मुलीचं नाव सुजाता. काशीनाथ म्हणायचा, "जिनं बुद्धाला खीर दिली तिचं नाव ठेवलं. आता हिला खीर द्यायला बुद्धालाच बोलवावं लागतंय."

मला हा माणूस आवडला आणि त्याचा रागही आला. आवडला ते उघड आहे. राग याचा, की त्याच्या नुसत्या वाटी धरण्याचं लोकांना केवढं अप्रूप! विमलताई रविवारी तीच वाटी घेऊन त्याच दारात बसायची तेव्हा कुणी दात घासायचं थांबत नसे. हे मी त्याला एकदा तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, "खरंय ताई. कौतुक मला फुकटच मिळतं. पण पोरगी काय त्या कौतुकानं खात नाही." वयाने तो माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. तरी मला ताई म्हणायचा. चिडवायचं असलं की "पत्रकवाल्या ताई."

खरी अडचण मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. विमलताईची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. वर्ष संपलं की मुख्याध्यापिका शेरा देणार आणि त्यावर ठरणार. आणि विमलताईला सारखा उशीर व्हायचा. कारण सुजाता सकाळी एक घास घ्यायची नाही, आई दिसेनाशी झाली की बराकीचे पत्रे हलतील असं रडायची. ते रडणं विमलताईला गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायचं. मग ती परत फिरायची. गाडी चुकायची.

त्यात काशीनाथची आई. ती बारवी धरणाच्या अंगाला एका पाड्याजवळच्या गावात राहायची. महिन्याकाठी यायची, नातीला मांडीवर घेऊन तिची हाडं चाचपायची आणि म्हणायची, "पोर सुकली रं काशी. निस्ता सांगाडा झालाय. विमल, येकतर तुजी नोकरी सोड, नायतर पोर माज्याकडं दे. मी भातपेजंवर वाढवते."

विमलताईच्या माहेरात आणि सासरात मिळून शिकून नोकरीला लागलेली ती पहिली बाई. मुलगी धरणाकडे आणि आपण बदलापूरच्या वर्गात, हे तिला जमणार नव्हतं. म्हणजे नोकरीच सुटणार. सासू दुष्ट नव्हती, हेच तर वाईट. दुष्ट सासूविरुद्ध पत्रक लिहिता येतं.

मी पत्रक लिहिलं ते पाळणाघराबद्दल. कायद्यात कारखान्यात पाळणाघर आहे, पण ते बायका ठरावीक संख्येवर गेल्या तर. बापांच्या बाबतीत कायदा गप्प. जणू पुरुष कामगाराची मुलं झाडाला लागतात. कॅम्प दोनच्या छापखान्यात ते छापून घेतलं आणि मोठ्या उमेदीने काशीनाथला वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "भारी आहे. पण यात सकाळी सहा वाजता काय करायचं ते नाही लिहिलेलं."

"ते मला काय माहीत?"

"मलाही नाही माहीत. म्हणून तर विचारलं."

काशीनाथला अडचण समोर आली की आधी लोखंड आठवायचं. सुजाता ताटली उलटी करते, तर त्याने काय केलं असेल? कारखान्यातून स्टीलची एक उथळ वाडगी आणली, बुडाला भोक पाडलं आणि ती नटबोल्टने लाकडी पाटाला पक्की बसवली. बोल्टच्या डोक्यावर वॉशर, वर रबराची चकती, खीर गळू नये म्हणून. दारात पाट मांडून तो सगळ्या बराकीला सांगत होता, "आता उलटी करून दाखवा म्हणावं. हत्ती आणा."

सुजाताने वाडगी हलवून बघितली. हलेना. पाट उचलून बघितला. उचलेना. थोडा वेळ तिने त्या वस्तूकडे अत्यंत गंभीरपणे पाहिलं आणि मग तिच्यात बसली. खिरीसकट.

मोहिनीभाभी हसून हसून ओट्यावर टेकली. "वाह रे इंजिनियर! बच्ची के लिए कुर्सी बनाई!"

काशीनाथ चिडेल असं मला वाटलं होतं. पण तो मुलीकडे बघत राहिला, एखादं नवं मशीन पहिल्यांदाच उघडून बघावं तसा. "हिला भूक नाही असं नाही," तो हळूच म्हणाला. "बसल्यावर बोटं चाटतेय बघा. मग अडतंय कुठं?"

ते 'अडतंय कुठं' त्याच्या डोक्यात शिरलं की निघायचं नाही. मग तो लोकांना भंडावून सोडायचा. मला विचार, मोहिनीभाभीला विचार, दुधवाल्याला विचार. तुमची पोरं सकाळी खातात का? कुणाच्या हातची? बसून की फिरत? चिऊ-काऊच्या घासांवर त्याचा विश्वास नव्हता. "हा घास चिऊचा, हा घास काऊचा. अरे, मग चिऊला द्या ना! पोरीला तिचा घास कधी मिळणार?" आणि असं म्हणणारा हाच माणूस रोज सकाळी पोरीला कावळा दाखवायचा. त्याला कारण होतं. "सुजा, तो बघ कावळा!" असं तो म्हणाला की सुजाता वर बघायची आणि तेवढ्यात विमलताई चपला हातात घेऊन मागच्या दाराने सटकायची. आपल्याकडे घरोघर हेच चालतं. खाऊ पुढे करायचा, पाखरू दाखवायचं आणि आईने पळायचं. सासूनेच शिकवलेली युक्ती होती ती.

एका रविवारी विमलताई घरीच होती. ओट्यावर बसून ती वह्या तपासत होती, मी तिच्याशी बोलत होते. काशीनाथ उपम्याची वाटी घेऊन आला. त्याचा उपमा नेहमी तळाला लागलेला असायचा आणि तो त्याला 'भाजका' म्हणून खपवायचा. सवयीने तो म्हणाला, "सुजा, तो बघ कावळा."

सुजाताने वर बघितलंच नाही. तिने गर्रकन आईकडे बघितलं, धावत जाऊन तिचा पदर मुठीत धरला आणि रडायला लागली. विमलताई कुठेही जात नव्हती. तिच्या पायात चपलाही नव्हत्या.

काशीनाथ वाटी घेऊन तसाच उभा. मग वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "विमल, तिला वाटतंय घास आला की आई जाते."

त्याने पुन्हा करून बघितलं. थोड्या वेळाने नुसती वाटी घेऊन आला, कावळा न म्हणता. मुलीने पदर आणखी घट्ट धरला. त्याने वाटी लपवली, तिने पदर सोडला. हे तो आणखीही करत बसला असता. विमलताई ओरडली, "पुरे! पोरगी आहे का स्विच आहे?"

"ती खायला नाही म्हणत नाहीये गं," तो म्हणाला. "ती दारावर पहारा देतेय. खायला खाली बघितलं तर आई गायब. कोण खाली बघेल?"

पुढे पुष्कळ दिवस तो हे असं सांगायचा की जणू त्याने वाफेचं इंजिन शोधलं. दुधवाल्यालासुद्धा सांगितलं. विमलताई एकदा मला म्हणाली, "मला ते मनातून आधीच कळत होतं. पण चोरून जाणारी मीच. मी कुणाला सांगू?"

दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. विमलताईने पुढच्या दाराने जायचं, चपला घालून, सांगून. ती मुलीसमोर खाली बसली आणि म्हणाली, "सुजा, आई शाळेत चालली. दुपारी येते." आणि निघाली. सुजाताने जो टाहो फोडला, तो आदल्या सगळ्या सकाळींपेक्षा मोठा होता. लोक दारात आले. कुणी म्हणालं, ही काय माणसं आहेत, पोराला छळतात. काशीनाथ वाटी न आणता तिच्या शेजारी नुसता बसून राहिला. "रडू दे," तो म्हणाला. "तिची आई चाललीय. रडण्यासारखंच आहे ते."

तिकडे गल्लीच्या तोंडाशी विमलताई थांबली होती. मी धावत जाऊन तिला गाठलं. ती म्हणाली, "सांगून जा म्हणणं सोपं आहे हो. पाय कोण उचलणार?" मग तिचे तिनेच उचलले. गाडी मिळाली.

रडणं संपल्यावर, तोंड पुसून झाल्यावर, मग वाटी. पहिल्या दिवशी दोन घास गेले. त्या आठवड्यात तेवढंच. पण ते तिने स्वतःच्या हाताने, खाली बघून खाल्ले. उपमा जमिनीवर जास्त आणि पोटात कमी. काशीनाथने भरवणं बंद करून टाकलं. "तिचा जॉब आहे, तिला करू दे," म्हणायचा. कारखान्यात मशीनवर चढवलेल्या कामाला ते जॉब म्हणतात.

दोन घासांचे चार झाले ते पिंट्यामुळे. आमच्या बराकीला लागूनच जुनं गावठाण. तिथल्या म्हात्रे आजींचा हा नातू, सुजाताच्याच वयाचा. तो एका सकाळी रांगत-चालत आला आणि सुजाताच्या वाटीत हात घालून खायला लागला. सुजाताने आधी त्याला ढकललं, मग त्याच्यापेक्षा भराभर खायला सुरुवात केली. काशीनाथचा चेहरा बघण्यासारखा होता.

तेवढ्यात म्हात्रे आजी आल्या. पिंट्याच्या तोंडातला घास बोट घालून काढला, त्याला काखेत मारलं. "माज्या नातवाला काय घरान खावाला नाय? कुटंबी जाऊन बसतं!" शब्द एवढेच. पण सगळ्यांना समजलं कुठेही म्हणजे कुठे. सुजाताने वाटी सोडून दिली.

मी उठलेच. तिथेच बोलणार होते. जे बोलणार होते ते छापण्यासारखंही होतं. काशीनाथने हाताने मला थांबवलं, सुजाताला उचललं आणि आजींच्या मागोमाग त्यांच्या दारात गेला. मी मागे. आजी चुलीपुढे बसून तांदळाची भाकरी थापत होत्या.

"आजी," तो म्हणाला, "तुमचा पिंट्या माझ्या दारात खात नाही ना? ठीक. मग माझी सुजाता तुमच्या दारात खाईल. तिला तुमची भाकरी चालते." आणि तिला उंबऱ्याबाहेर पिंट्याच्या समोर बसवून दिलं.

आजी बघतच राहिल्या. दारात आलेल्या लेकराला नाही म्हणणं त्यांच्या बापजन्मात झालं नसेल. "काय रं काशीनाथ," त्या पुटपुटल्या, "मना कोड्यात घालतंस." भाकरीचा पापुद्रा काढून त्यांनी फुंकून सुजाताच्या हातावर ठेवला. पोरीने खाल्ला. आणखी मागितला.

परत येताना मी काशीनाथला झोडलं. "ही तडजोड आहे. त्यांचं अन्न तुम्हाला चालतं, तुमचं त्यांना चालत नाही. शंभर पिढ्या हेच चाललंय. तुम्ही ते मान्य करून आलात."

"मान्य नाही केलं," तो म्हणाला. आवाज चढला होता. असा मी तो आधी ऐकला नव्हता. "माझ्या बापाला लांबून भाकरी टाकायचे, ताई. मला नका शिकवू. पण माझी पोरगी आज खायला पाहिजे. तुमची क्रांती दुपारी घ्या, मी पाळीला जायच्या आधी."

आणि तो खरोखर गप्प बसला नाही. दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या उंबऱ्यावर त्याने आणखी एक वाटी ठेवायला सुरुवात केली. गावठाणाकडे तोंड करून मोठ्याने म्हणायचा, "ही पिंट्याची!" मग सुजाताला म्हात्रे आजींकडे सोडायचा. पिंट्याच्या वाटीवर माशा बसायला लागल्या की स्वतः खायचा. पावसाळा संपून गेला तरी हे चालू. एका सकाळी पिंट्या उठून आला आणि त्या वाटीपाशी बसला. म्हात्रे आजींनी तेवढ्यात पाठ फिरवून तांदूळ पाखडायला घेतले. त्यांना दिसलं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मी याला समता म्हणणार नाही. पाठ फिरवणं ते पाठ फिरवणंच. पण मुलं दोन्ही दारांत खायला लागली, आणि विमलताईला उशीर व्हायचा थांबला, हेही खरं.

शाळेचं वर्ष संपायला थोडेच आठवडे उरले होते तेव्हा कारखान्याने काशीनाथला सकाळच्या पाळीत टाकलं. साडेसहाला घर सोडायचं. तो साहेबांना भेटायला गेला. पोरीला सकाळी खायला घालायचं असतं, एवढे दिवस दुपारचीच पाळी ठेवा, म्हणाला. साहेबांनी विचारलं, "बायको मेली का तुझी?" सगळं खातं हसलं. हे मला काशीनाथने सांगितलं नाही, त्याच्या बरोबरच्या एकाने सांगितलं. मी म्हटलं, गेटवर सभा घेऊ. काशीनाथ म्हणाला, "घ्या. जरूर घ्या. पण सोमवारी सकाळी पोरीपाशी कोण?"

त्याने आईला बोलावलं. ती आली ती पोरीचे कपडे भरायला रिकामी पिशवी घेऊनच. तिने विमलताईला स्पष्ट सांगितलं, "ह्यो आठवडा बगते. बाप नाय, आय नाय, आन् पोरीनं खाल्लं नाय, तर म्या तिला घेऊन जानार. मग तुमी नोकऱ्या करा." विमलताईने मान डोलावली. रात्रभर ती झोपली नव्हती हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

सोमवारी विमलताई नेहमीसारखी सांगून गेली. सुजाता रडली, थांबली. तिला हे आता माहीत होतं. मग काशीनाथच्या आईने पेज आणली. सुजाता वाटीकडे झुकली आणि माझ्या डोळ्यांदेखत काशीनाथ भिंतीला पाठ लावून सरकत सरकत मागच्या दाराकडे गेला. सायकल आधीच बाहेर काढून ठेवलेली. हा माणूस! दुधवाल्यापर्यंत सगळ्यांना धडे देणारा! मी दारातूनच म्हटलं, "दादा, चोरून?"

त्याने ओठांवर बोट ठेवलं. मग ते बोट तसंच राहिलं. मागच्या दारात तो काही क्षण उभा होता. त्याच्या आईने डोळ्यांनीच खूण केली, जा, पळ. तो परत आत आला. मुलीसमोर उकिडवा बसला.

"सुजा," शेवटी म्हणाला, "बाबा कामाला चाललाय. संध्याकाळी... नाही, दुपारीच येतो."

सुजाताने पेजेची वाटी त्याच्या छातीवर भिरकावली. तो पेजेने भरलेल्या शर्टानेच उठला आणि पुढच्या दाराने निघून गेला. ती उंबऱ्यावर आडवी पडून रडली. काशीनाथच्या आईने तिला उचलायला हात पुढे केले. मी म्हटलं, "थांबा, मावशी." का म्हटलं, मला माहीत नाही. ती माझ्यावर फार रागावली, पण थांबली.

खूप वेळाने सुजाता उठली. आजीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. फेंगडं चालत गावठाणात म्हात्रे आजींच्या दारात गेली आणि पिंट्यासमोर बसून हात पुढे केला. काशीनाथची आई पिशवी धरून माझ्या शेजारी उभी राहून बघत होती. पोरगी भाकरी तोडत होती, चावत होती, मधूनच हुंदका देत होती आणि पुन्हा चावत होती.

"रडती बी आन् खाती बी," म्हातारी म्हणाली. पिशवीची घडी करून तिने कमरेला खोचली.

मी काशीनाथला सांगायला धावले. तो एव्हाना अंबरनाथच्या रस्त्याला लागला असणार असं मला वाटलं होतं. पण तो गल्लीच्या कोपऱ्यावरच होता. सायकल स्टँडवर लावलेली, हा हँडल धरून उभा. शर्टावरची पेज वाळत आली होती. त्याला पाळीला उशीर होत होता आणि तो जागचा हलत नव्हता.

"खाल्लं," मी म्हटलं.

त्याने मान वळवली नाही. "कुणी भरवलं?"

"कुणी नाही. म्हात्रे आजींकडे बसली. आपल्या हातानं."

त्याने बाहीने तोंड पुसलं, हिसका देऊन सायकल पुढे घेतली आणि टांग टाकून निघाला. स्टँड वर करायचं राहिलं होतं. ते डांबरावर घासत, खरखरत होतं. मी ओरडून सांगणार होते. पण तो पायडल असं दाबत होता, जणू ती सायकल अशीच चालवायची असते.